स्टेंट टाकल्यानंतरच्या तपासण्या: घोडबंदर रोडवरच्या एका हार्ट सेंटरचा रिव्ह्यू

आधीच सांगते, पाचपैकी चार स्टार. एक स्टार बिलिंग, पार्किंग आणि टीपीए (विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणारी कंपनी) डेस्कसाठी कापलाय, डॉक्टरांसाठी नाही. डॉक्टरांना आणि इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करणाऱ्या मॅडमना वेगळे स्टार द्यायची सोय असती तर पाचच्या पाच दिले असते.

सेंटरचं नाव लिहीत नाहीये. मी स्वतः टीपीएमध्ये क्लेमचं काम करते, ठाणे आणि नवी मुंबईतल्या बऱ्याच हॉस्पिटलांच्या फाईली माझ्या टेबलावरून जातात, त्यामुळे एकाचं नाव घेऊन जाहीरपणे चांगलं-वाईट लिहिणं मला बरोबर वाटत नाही. मानपाड्याच्या पुढे, घोडबंदर रोडला लागून आहे एवढं पुरे. पण ज्यांच्या घरात कोणाची अँजिओप्लास्टी (हृदयाची अरुंद झालेली नस बलूनने उघडून त्यात स्टेंट म्हणजे तारेची जाळीदार नळी टाकणं) झालीय किंवा होणारे त्यांना उपयोग व्हावा म्हणून सगळं नीट लिहितेय, लांबलंय, वेळ काढून वाचा.

पेशंट माझे सासरे, मी त्यांना बाबा म्हणते. वय 68, डायबेटीस वीसेक वर्षांचा, बीपी आहेच, क्रिएटिनिन 1.7 म्हणजे किडनी थोडी कमजोर. छातीत जड वाटायला लागलं, घाम आला, ट्रोपोनिन वाढलेलं निघालं म्हणजे अटॅकच, पण नस पूर्ण बंद नव्हती म्हणून लोक ज्याला मायनर अटॅक म्हणतात तो. खरं तर मायनर वगैरे काही नसतं त्यात. अँजिओग्राफीत एलएडीमध्ये म्हणजे हृदयाच्या पुढच्या मोठ्या नसेत लांबलचक ब्लॉक दिसला, आणि डॉक्टर म्हणाले कॅल्शियम भरपूर आहे, नस दगडासारखी झालीय.

आता मुद्द्याचं. बहुतेक हॉस्पिटलांत स्टेंट टाकला, अँजिओत रक्त धो धो वाहताना दिसलं, नातेवाईकांना बोलावून आधीचा-नंतरचा फोटो दाखवला की काम झालं. सगळे खूश. इथे तसं झालं नाही. इथे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की मी आतून सोनोग्राफी करणार आहे, आयव्हीयूएस, त्याशिवाय असल्या नसेत स्टेंट टाकायला मला आवडत नाही. ह्यांनी विचारलं, ती लाईटवाली ओसीटी जास्त भारी असते ना, ती का नाही? तर डॉक्टर म्हणाले ओसीटीचं चित्र जास्त बारीक येतं हे खरंय, 10 ते 20 मायक्रॉनपर्यंतचं दिसतं, पण त्यासाठी नसेतलं रक्त बाजूला करायला दर वेळी डाय म्हणजे एक्स-रेवर दिसणारं औषध मारावं लागतं आणि काकांच्या किडनीला जास्तीचा डाय नको, आयव्हीयूएसला तो लागत नाही. पेशंटची किडनी बघून मशीन निवडणं, मला हे तिथेच आवडलं. नाहीतर काही ठिकाणी जे मशीन हॉस्पिटलात आहे तेच पेशंटला सूट होतं असं सांगतात.

स्टेंट टाकून झाल्यावर आम्हाला कन्सोल रूममध्ये बोलावलं. मोठ्या स्क्रीनवर अँजिओ चालू होतं, नस अगदी गुळगुळीत दिसत होती, माझे मिस्टर तर हात जोडायलाच लागले. डॉक्टर म्हणाले थांबा जरा, आता आतून बघू. मग दुसऱ्या स्क्रीनवर काळं-पांढरं गोल चित्र आलं, मधे काळी जागा, भोवती राखाडी कडं, आणि त्या कड्यावर छोटे छोटे चमकणारे ठिपके, तेच स्टेंटच्या तारा. कॅथेटर म्हणजे आतली बारीक नळी मोटरने हळूहळू मागे येत होती तसं चित्र बदलत होतं, गोल, गोल, गोल, आणि मग एका जागी ते कडं चपटं झालं. त्याच्या मागे पांढराशुभ्र पट्टा आणि पट्ट्याच्या मागे नुसता अंधार, ते कॅल्शियम, त्यातून अल्ट्रासाउंड पलीकडे जात नाही म्हणून मागे काळं दिसतं. टेक्निशियनने तिथे माप घेतलं, 3.9 चौरस मिलिमीटर. अँजिओत हीच जागा एकदम क्लीन दिसली होती!

अँजिओ म्हणजे शेवटी सावली, उन्हात बांगडी धरली तर सावली गोल पडेल की चपटी हे बांगडी कशी धरलीय त्यावर ठरतं, तसंच हे.

मग डॉक्टरांनी एनसी बलून म्हणजे ठरलेल्या मापापलीकडे न फुगणारा जाड बलून घेतला, जास्त प्रेशरने ती जागा दाबली, पुन्हा आयव्हीयूएस फिरवलं, आता त्याच जागी 6.0. आयव्हीयूएसवर स्टेंटची सगळ्यात अरुंद जागा 5.5 चौरस मिलिमीटरच्या वर असली पाहिजे असा साधारण नियम आहे, ओसीटीवर मोजलं तर 4.5. खालच्या बाजूला 2.75 मिलिमीटरचा स्टेंट होता तिथे 5.1 च आलं, मी लगेच विचारलं की हे कमी नाही का, तर म्हणाले तिथली नस मुळातच बारीक आहे, तिथे आकडा नाही, टक्केवारी बघायची, शेजारच्या चांगल्या नसेच्या 80 टक्क्यांच्या वर उघडलाय म्हणजे ठीक. स्टेंटच्या दोन्ही कडा फाटल्यात का, तारा नसेला नीट चिकटल्यात का, तेही त्याच वेळी दाखवलं.

आणि मग डॉक्टर जे बोलले त्यासाठी मी हा रिव्ह्यू लिहायला बसले. म्हणाले, "पुढच्या दोन-तीन वर्षांत हा स्टेंट त्रास देईल की नाही, याचा सगळ्यात चांगला अंदाज आत्ता या टेबलावरच येतो. आणि अंदाज वाईट आला तर तो बदलायची संधी पण आत्ताच असते, नंतर नसते."

हे त्यांनी हवेत म्हटलं नव्हतं, मी नंतर ऑफिसातल्या मेडिकल ऑफिसरांकडून पेपर मागवून वाचले. अल्टिमेट नावाची चीनमधली ट्रायल आहे, 2018 ला आली, 1448 पेशंट, अर्ध्यांना नुसतं अँजिओ बघून स्टेंट, अर्ध्यांना आयव्हीयूएस बघून. एका वर्षात स्टेंटवाल्या नसेचा पुन्हा त्रास म्हणजे मृत्यू, अटॅक किंवा परत प्रोसिजर, हे आयव्हीयूएसवाल्यांत 2.9 टक्के आणि अँजिओवाल्यांत 5.4 टक्के. तीन वर्षांनी 6.6 विरुद्ध 10.7. पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला तो त्यातला आतला आकडा. ज्यांचं आयव्हीयूएस झालं त्यांच्यातही ज्यांचा स्टेंट सगळ्या निकषांत बसला त्यांना त्रास 1.6 टक्के, आणि ज्यांचा बसला नाही त्यांना 4.4 टक्के. म्हणजे मशीन आत घातलं म्हणून कोणी वाचत नाही, मशीनने जे दाखवलं त्यावर काहीतरी केलं तर फायदा.

कोरियाची रेनोव्हेट ट्रायल 2023 ची, 1639 पेशंट, सगळ्या कॉम्प्लिकेटेड केसेस, तिथे इमेजिंगवाल्यांत म्हणजे आतून बघून स्टेंट टाकलेल्यांत 7.7 विरुद्ध अँजिओवाल्यांत 12.3 टक्के. आता दुसरी बाजू पण सांगते कारण फक्त एकच बाजू सांगणं चुकीचं. त्याच वर्षी ओसीटीची इल्युमिएन फोर आली, 2487 पेशंट, त्यात ओसीटीवाल्यांचे स्टेंट जास्त उघडले, स्टेंटमध्ये गुठळी व्हायचं प्रमाण कमी दिसलं, पण दोन वर्षांनी एकूण त्रास ओसीटीवाल्यांत 7.4 आणि अँजिओवाल्यांत 8.2 टक्के, म्हणजे खात्रीने फरक आहे असं म्हणता येईना. त्यामुळे कोणी तुम्हाला इमेजिंग म्हणजे गॅरंटी असं विकत असेल तर ऐकू नका. साध्या, छोट्या, मऊ ब्लॉकला त्याचा फारसा फायदा नसेलही. पण लांब ब्लॉक, कॅल्शियम, लेफ्ट मेन म्हणजे डावीकडची मुख्य नस, दोन फांद्यांच्या फाट्यावरचा ब्लॉक, अशा ठिकाणी मात्र नक्की विचारा. युरोपच्या 2024 च्या गाइडलाइनमध्ये अशा गुंतागुंतीच्या ब्लॉकसाठी हे क्लास वन केलंय, म्हणजे करायलाच हवं या दर्जाची शिफारस.

माझ्या कामाच्या अनुभवातून एक गोष्ट सांगते. रोज डिस्चार्ज समरी वाचते मी. आयव्हीयूएस कॅथेटरचं बिल लावलेलं असतं, आणि समरीत काय लिहिलेलं असतं? "आयव्हीयूएस डन." बस्स. किती आलं, काय दिसलं, काय केलं, काही नाही. या सेंटरच्या समरीत बाबांचे आकडे लिहिलेत, आधी 3.9, नंतर 6.0, खाली 5.1, कडा ठीक, तारा चिकटलेल्या, कुठल्या साइजचा बलून किती प्रेशरने. उद्या आम्ही पुण्याला किंवा नाशिकला असताना काही झालं तर तिथल्या डॉक्टरला एका मिनिटात कळेल की आत नेमकं काय आहे. माझ्या मते चारपैकी दोन स्टार या एका परिच्छेदाचे आहेत.

आता इको. डिस्चार्जच्या आधी इको झाला, ईएफ (दर ठोक्याला हृदय आतल्या रक्तापैकी किती टक्के बाहेर ढकलतं तो आकडा) 42 टक्के आला, सासूबाईंचा चेहराच पडला, त्यांनी कोणाकडून तरी ऐकलं होतं की नॉर्मल 60 असतो. इको मॅडमनी त्यांना बाजूला बसवून घेतलं आणि मराठीत समजावलं की आई, अटॅकनंतर हृदयाचा काही भाग मरतो आणि काही भाग नुसता सुन्न पडतो, सुन्न पडलेला भाग रक्त मिळायला लागलं की काही आठवड्यांत जागा होतो, त्यामुळे आजचा आकडा हा शेवटचा आकडा नाही. तीन महिन्यांनी या, तो खरा. आणि म्हणूनच, ईएफ 35 किंवा खाली असला तरी लगेच आयसीडी म्हणजे धोकादायक ठोके आल्यावर शॉक देणारी मशीन बसवत नाहीत, अटॅकनंतर किमान 40 दिवस आणि अँजिओप्लास्टीनंतर साधारण तीन महिने औषधं देऊन थांबतात आणि मग परत इको करून ठरवतात, हेही त्यांनी सांगितलं. मी क्लेममध्ये हा नियम बघितलेला होता पण का आहे ते त्या दिवशी कळलं.

तीन महिन्यांनी गेलो. आधीच्याच मॅडम, आधीचंच मशीन. हे मुद्दाम लिहितेय. ईएफ दोन वेगवेगळ्या लोकांनी दोन मशीनवर काढला तर पाच-सात टक्क्यांचा फरक सहज पडतो, मग सुधारणा झाली की फक्त हात बदलला हे कळत नाही. त्यांनी जुना इको स्क्रीनवर शेजारी लावून तुलना केली. ईएफ 51. शिवाय स्ट्रेन पण काढलं, त्यात स्नायू लांबीच्या दिशेने किती आकसतो ते टक्क्यांत येतं, नॉर्मल वजा 20 च्या आसपास, बाबांचं आधी वजा 13 होतं ते वजा 16 झालं. मॅडम म्हणाल्या ईएफ चांगला दिसत असला तरी स्ट्रेन अजून मागे आहे, म्हणजे स्नायू पूर्ण सावरलेला नाही, म्हणून औषधं कमी करायची घाई करू नका. आणि रिपोर्टच्या शेवटी एक ओळ होती, "आधीच्या तपासणीशी तुलना करता सुधारणा", तारखेसकट. इतकी साधी गोष्ट, पण फार कमी ठिकाणी करतात.

फक्त इकोला थांबावं खूप लागतं. अपॉइंटमेंट साडेदहाची, नंबर लागायला एक वाजून गेला, डायबेटीसच्या पेशंटला एवढा वेळ उपाशीपोटी बसवून ठेवायचं नाही, आणि मुळात साध्या इकोला उपाशी यायची गरजच नसते हे फोनवर अपॉइंटमेंट देणाऱ्यांना माहीतच नव्हतं. काउंटरवर सांगितलं तर एका मावशींनी बाबांना चहा-बिस्किट आणून दिलं. माणसं चांगली आहेत, सिस्टीम गंडलीय.

थांबलो होतो तेव्हा शेजारी ऐरोलीचं एक कुटुंब होतं, त्यांच्या वडिलांना मोठा अटॅक येऊन गेलेला, नस पूर्ण बंद, हॉस्पिटलला पोचायला उशीर झालेला. त्यांचा कार्डियाक एमआरआय सांगितला होता आणि ते घाबरले होते की आत स्टेंट आहे, धातू आहे, मशीन खेचून घेईल का. तसं काही होत नाही, आजकालचे स्टेंट असताना एमआरआय चालतो, स्टेंट टाकल्यावर लगेच सुद्धा, फक्त स्टेंटचं कार्ड सोबत न्या. मोठ्या अटॅकनंतर एमआरआय जे सांगतो ते इको सांगू शकत नाही, स्नायूचा किती भाग कायमचा मेलाय, आणि मोठी नस उघडली तरी खालच्या केसासारख्या बारीक नसांमध्ये रक्त पोचतंय का. ते पोचत नसेल तर पुढे हार्ट फेल्युअरचा धोका जास्त, मग स्टेंट कितीही सुंदर बसलेला असो. बाबांना मात्र डॉक्टरांनी एमआरआय सांगितला नाही, मी विचारलं तर म्हणाले रिझल्ट काहीही आला तरी त्यांची औषधं तीच राहणार आहेत, मग कशाला. हे वाक्य मी पाठ करून ठेवलंय, रिझल्टने काही बदलणार असेल तरच टेस्ट.

आणि याच्या बरोबर उलटा अनुभव दुसरीकडे आला. ते हे सेंटर नाही, ठाण्यातलीच एक वेगळी लॅब, नाव नको. सोसायटीत त्यांचा हेल्थ कॅम्प लागला होता, बाबांनी भोळेपणाने सांगितलं माझी अँजिओप्लास्टी झालीय, की लगेच फोन सुरू. "काका, तुमचं पोस्ट स्टेंट पॅकेज ड्यू आहे." दर वर्षी स्ट्रेस थॅलियम (हृदयावर ताण देऊन रक्त कुठे कमी पडतंय ते बघायची टेस्ट) आणि सीटी कोरोनरी अँजिओ (डाय देऊन सीटी मशीनवर हृदयाच्या नसा बघणं), दोन्ही एकत्र, डिस्काउंटमध्ये. फोनवरची मुलगी बाबांना म्हणाली, स्टेंट आतून बंद होत असेल तर तुम्हाला कळणार पण नाही. त्या रात्री बाबा झोपले नाहीत. ज्या माणसाचं हृदय सावरायला आम्ही सगळे धडपडतोय त्याला असं घाबरवून टेस्ट विकायची याचा मला मनापासून संताप आला, अजूनही येतो.

मी ते पॅकेजचं पत्रक घेऊन आमच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी हसून वगैरे टाळलं नाही, नीट बसून सांगितलं. पेशंटला त्रास नसताना नुसती ठरावीक मुदतीने स्ट्रेस टेस्ट करून फायदा होतो का, हे कोरियात तपासून झालंय, पोस्ट-पीसीआय नावाची ट्रायल, 2022, 1706 पेशंट आणि तेही सगळे हाय रिस्क, डायबेटीसवाले, लांब स्टेंटवाले, म्हणजे बाबांसारखेच. अर्ध्यांची वर्षाने स्ट्रेस टेस्ट केली, अर्ध्यांची नाही, नुसता नेहमीचा फॉलोअप. दोन वर्षांनी मृत्यू, अटॅक किंवा अँजायना म्हणजे छातीच्या दुखण्यासाठी ॲडमिट होणं, टेस्टवाल्यांत 5.5 टक्के आणि बाकीच्यांत 6.0. म्हणजे फरक नाहीच म्हणा.

आणि सीटीचं तर अजूनच सोपं. धातूच्या तारा सीटीवर असतात त्यापेक्षा जाड दिसतात, चमक पसरते, त्यामुळे 3 मिलिमीटरपेक्षा बारीक स्टेंटच्या आतलं नीट वाचताच येत नाही. बाबांचा खालचा स्टेंट 2.75 चा. म्हणजे पैसे द्यायचे, किडनीवर डायचा भार टाकायचा, आणि रिपोर्टमध्ये "स्पष्ट दिसत नाही, अँजिओग्राफी सुचवतो" असं यायची भीती, मग परत अँजिओ, परत डाय. हे सगळं त्या फोनवरच्या मुलीला कोणी शिकवलेलं नसणार, तिला टार्गेट दिलेलं असणार.

याचा अर्थ स्ट्रेस टेस्ट वाईट असा नाही हां. त्रास परत सुरू झाला, चालताना छाती भरून आली, दम लागायला लागला तर तीच टेस्ट फार कामाची. थॅलियममध्ये नॉर्मल आलं तर पुढच्या वर्षात अटॅक किंवा मृत्यूचा धोका साधारण 1 टक्क्याच्या आसपास, डायबेटीसवाल्यांना थोडा जास्त, आणि हृदयाच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त भागाला रक्त कमी पडताना दिसलं तर मग गंभीरपणे पुढचं बघायला लागतं. डॉक्टरांनी आम्हाला कागदावर लिहून दिलं की अमुक लक्षण आलं तर फोन न करता सरळ या, तमुक झालं तर स्ट्रेस टेस्ट करू, आणि काहीच नसेल तर चालत राहा. बाबा रोज सकाळी उपवनला चालायला जातात, तलावाला फेऱ्या मारतात, परत येताना चढ आहे तिथेही थांबत नाहीत, हीच त्यांची स्ट्रेस टेस्ट असं डॉक्टर म्हणाले आणि मला पटलं.

अजून एक गोष्ट त्यांनी सांगितली जी कोणीच सांगत नाही. स्टेंट टाकलेली जागा चांगली झाली म्हणून माणूस सुटला असं नाही. प्रॉस्पेक्ट नावाचा अभ्यास, 2011 चा, 697 पेशंट, अटॅक आलेले, सगळ्यांच्या तिन्ही नसा आयव्हीयूएसने आतून बघून ठेवल्या आणि मग तीन वर्षं लक्ष ठेवलं. नंतर त्रास कुठून आला? 12.9 टक्के लोकांना आधी दुरुस्त केलेल्या जागेतून आणि 11.6 टक्के लोकांना दुसऱ्याच जागेतून, जिथे आधी ब्लॉक एवढा मोठा वाटलाच नव्हता. म्हणजे जवळजवळ निम्मं-निम्मं. त्या दुसऱ्या जागांना स्टेंट नाही, गोळी लागते. म्हणून एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल 55 च्या खाली आणायचा हट्ट. बाबांचा 110 होता, आता 52 आहे, स्टॅटिन आणि जोडीला इझेटिमाइब. सासूबाईंना वाटायचं कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं की गोळी बंद करायची, रिपोर्टवर लॅबवाले नॉर्मल म्हणून छापतात ना 100, तर त्यांना हा निम्म्या-निम्म्याचा हिशोब सांगितल्यापासून त्या स्वतः रात्री गोळी काढून हातावर ठेवतात.

आता तक्रारी, कारण चार स्टार का ते सांगायला हवं.

एक म्हणजे बिलिंग. आयव्हीयूएसचं कॅथेटर एकदाच वापरायचं असतं आणि महाग असतं. डॉक्टरांनी करणार हे सांगितलं होतं, पण एस्टिमेटमध्ये ती ओळच नव्हती, फायनल बिलात आली. स्टेंटच्या किमतीवर सरकारने 2017 मध्ये कॅप आणली, तेव्हा औषधवाला स्टेंट 29,600 ला आला, त्यामुळे लोकांना वाटतं सगळं स्वस्त झालं, पण ती कॅप स्टेंटवर आहे, बलून, वायर, आयव्हीयूएस कॅथेटर यांच्यावर नाही, बिल तिथे वाढतं. हे ॲडमिशनच्या वेळीच सांगा ना! मी या धंद्यातली म्हणून मला कळलं, दुसरं कोणी असतं तर काउंटरवर भांडण झालं असतं आणि डॉक्टरांचं चांगलं काम पण लुटलं म्हणून बदनाम झालं असतं.

इन्शुरन्सकडून क्वेरी आलीच, आयव्हीयूएसची मेडिकल नेसेसिटी द्या म्हणून. डॉक्टरांनी अर्ध्या तासात पत्र दिलं, लांब ब्लॉक, कॅल्शियम, आधीचा 3.9 चा आकडा आणि त्यामुळे काय केलं, सगळं. पण ते पत्र टीपीए डेस्कवर दुसऱ्या दिवसापर्यंत पडून राहिलं, अपलोडच केलं नाही कोणी. डिस्चार्जचा दिवस असाच गेला. क्लेम शेवटी पास झाला. तुम्हाला अशी क्वेरी आली तर डॉक्टरांकडून आकड्यांसकटच पत्र घ्या, नुसतं "गरज होती" लिहिलेलं पत्र परत येतं, मीच परत पाठवते अशी पत्रं रोज, नाइलाज असतो.

दुसरं म्हणजे कन्सेंट फॉर्म. सगळा इंग्रजीत, चार पानं. बाबा निवृत्त मराठी शाळेचे मुख्याध्यापक, प्रत्येक ओळ वाचून मगच सही करणारा माणूस, त्यांना इथे नुसती बोटाने जागा दाखवली, इथे, इथे आणि इथे. मी फीडबॅक फॉर्ममध्ये लिहिलंय की मराठी फॉर्म ठेवा. ठाण्यात आहात, निम्मे पेशंट मराठी, एवढं तर कराच.

पार्किंगबद्दल काय बोलायचं. घोडबंदर रोड, संध्याकाळची वेळ, माजिवड्यापासून गाडी हलत नाही, आणि पोचल्यावर गेटवरचे मामा म्हणतात फुल आहे, पुढे लावा. पेशंटला गेटवर उतरवायला पण हॉर्न खावे लागतात. रिक्षाने या, खरंच. कॅन्टीन स्वच्छ आहे, कमी मिठाचं वेगळं जेवण मागितलं तर देतात, फक्त तोंडाने सांगावं लागतं, बोर्डवर नाही.

शेवटचं, हे फार कामाचं आहे. अँजिओची सीडी देतात पण आयव्हीयूएसच्या रनची (कॅथेटर मागे येतानाच्या रेकॉर्डिंगची) वेगळी मागावी लागते, ती आपणहून देत नाहीत. आधीचा आणि बलूननंतरचा, दोन्ही रन मागा. डिस्चार्जच्या आदल्या दिवशीच अर्ज द्या, तळमजल्यावर रेकॉर्ड रूम आहे, चारला बंद होते आणि रविवारी उघडत नाही.